भाच्याचा फॉर्म आणि तीन डाइव्ह सेंटर

सहा माणसं, मे महिन्यातले नऊ दिवस, बाली. त्यातले चार दिवस स्कूबा डायव्हिंगसाठी, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन समुद्राखाली उतरण्यासाठी राखलेले. सगळी जुळवाजुळव माझ्याकडे आली, कारण घरात सगळ्यात जास्त डाइव्ह माझ्या झाल्यात, साठेक. हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतेय. सेंटर निवडताना सुरुवातीला मी भलतेच प्रश्न विचारत होते, आणि ते माझ्या लक्षात आलं एका अकरा वर्षांच्या मुलाच्या फॉर्ममुळे.

आधी माणसं. नवरा ४९ वर्षांचा, ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाचं कार्ड आहे, पण शेवटची डाइव्ह चार वर्षांपूर्वीची आणि दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. मुलगी चौदाची, आदल्या वर्षी तारकर्लीला ज्युनियर ओपन वॉटर केलेली. दादा ४७ वर्षांचा, दणकट, रोज पोहणारा, मालवणला दोनदा ‘स्कूबा केलेला’. वहिनीला पोहता येत नाही, तीही मालवणला एकदा उतरलीय. आणि भाचा, वय अकरा, ज्याच्यासाठी खरं तर ही सहल ठरली. समुद्रातल्या जीवांची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारा मुलगा आहे तो.

‘मालवणला स्कूबा केलाय’ या वाक्यापाशी जरा थांबायला हवं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जे करतात त्यात एक तरबेज मुलगा तुमच्या मागे असतो, सिलिंडरला धरून तुम्हाला सहा-आठ मीटर खाली नेतो, तुमच्या जॅकेटमधली हवा तोच कमीजास्त करतो. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. त्या मुलांच्या हातात कसब आहे, हजारो घाबरट माणसांना त्यांनी समुद्र दाखवलाय. पण त्यातून आपण काही शिकलेलो नसतो. दादाने मात्र स्वतःच्या माहितीत ‘अनुभव : २ डाइव्ह’ असं लिहून टाकलं होतं. त्याचा परिणाम पुढे दिसला.

जागा कोणती, यावर घरात आठवडाभर वाद

मुलीला मांटा रे, म्हणजे पंख पसरल्यासारखे दिसणारे प्रचंड चपटे मासे बघायचे होते. ते दिसतात बालीजवळच्या नुसा पेनिदा बेटाच्या बाजूला, आणि बालीच्या दक्षिणेकडची बहुतेक सेंटर तिथेच बोटी नेतात. फोटो पाहून दादाही तिच्या बाजूचा झाला. मी नाही म्हटलं.

पेनिदा आणि लोंबोक या बेटांच्या मधून पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागरात उतरतं. त्या सामुद्रधुनीत प्रवाह अचानक उलटतात, कधी खाली ओढणारे असतात, आणि खालून वर येणारं पाणी असं गार की पाच मिलिमीटरच्या सूटमध्येही हुडहुडी भरते. मुरलेल्या डायव्हरला हेच आवडतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्याच लेंबोंगान बेटाजवळ सात जपानी महिला डाइव्हनंतर बोटीपासून भरकटल्या. पाच जणी तीन दिवसांनी जिवंत सापडल्या, दोघी वाचल्या नाहीत. त्या गटात प्रशिक्षकही होत्या. पोहता न येणारी वहिनी आणि चार वर्षं पाण्यात न उतरलेला नवरा यांना घेऊन मी तिथे जाणार नव्हते, सेंटर कितीही चांगलं असो.

मी सुचवलं टुलांबेन. बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचं गाव, मागे आगुंग ज्वालामुखी, समोर काळ्या गोट्यांचा किनारा. तिथे बोट लागतच नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं. आणि किनाऱ्यापासून तीसेक मीटरवर पाण्याखाली अमेरिकी मालवाहू जहाज ‘लिबर्टी’ पडलेलं आहे. ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने त्याच्यावर टॉर्पेडो मारला, ते ओढत सिंगराजा बंदराकडे नेत असताना पाणी भरू लागलं म्हणून टुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथे ते वीसेक वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंगचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून समुद्रात गेलं. सुमारे १२० मीटर लांब आहे. वरचा भाग पाचेक मीटरवर, खालचा तीसच्या आसपास. म्हणजे एकाच जागी नवखा, लहान मूल आणि मुरलेला डायव्हर, तिघांनाही आपापल्या खोलीवर काहीतरी बघायला मिळतं. कुटुंबासाठी यापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही. मुलगी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

तीन उत्तरं

पहिल्या दिवशी मी दहा-बारा सेंटरना एकच निरोप पाठवला होता : सहा जण, चार दिवस, किती पैसे? सगळ्यांनी दरपत्रकं पाठवली आणि मी ती वहीत मांडत बसले. हीच माझी चूक. दरपत्रकावरून माझ्या भाच्याशेजारी पाण्यात कोण असणार हे कळत नाही.

मग दुसरा निरोप लिहिला, लांबलचक. प्रत्येकाचं वय, शेवटची डाइव्ह, औषधं, भाच्याचा लहानपणीचा दमा, वहिनीचं पोहणं. आणि प्रश्न : गाइड कोण, एका गाइडमागे किती जण, ऑक्सिजन किनाऱ्यावर असतो की दुकानात, काही झालं तर कुठे नेता, अकरा वर्षांच्या मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही. शेवटी तीन उरले, त्यांना अ, ब, क म्हणते.

अ मोठं सेंटर, दक्षिणेला, स्वतःच्या बोटी, नावापुढे पाच तारे. चार मिनिटांत उत्तर आलं आणि प्रत्येक प्रश्नाला ‘नो प्रॉब्लेम’. दादाच्या दोन डाइव्ह वाचून त्यांनी त्याला लिबर्टीवर २५ मीटरपर्यंत न्यायचं कबूल केलं. कार्ड नसलेल्या माणसाला पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे १२ मीटरपलीकडे नेता येत नाही, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. रक्तदाब आणि दम्याबद्दल लिहिलं होतं : फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहा, नाहीतर डॉक्टरचा कागद लागेल आणि तुमचा दिवस वाया जाईल.

तो निरोप मी रात्री वाचला आणि बराच वेळ फोन हातात धरून बसले. पाच ताऱ्यांचा अर्थ मला माहीत होता. ते सेंटर कोणत्या पातळीचे अभ्यासक्रम चालवतं याच्याशी त्यांचा संबंध आहे. सकाळी सहाला तुमच्यासमोर कोण उभा राहील, हे त्यातून कळत नाही. तरीही एका मुलाच्या फुप्फुसांबद्दल इतक्या सहज लिहिलेलं वाचून राग आला.

ब टुलांबेनजवळच्या आमेदला, मधल्या आकाराचं. उत्तरं नीट, प्रामाणिक. लहान मापाचं जॅकेट एकच आहे आणि त्या आठवड्यात दुसऱ्या मुलाला दिलंय, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. पण गाइड कोण असेल ते आदल्या संध्याकाळीच ठरेल म्हणाले. गर्दीच्या दिवसांत बरीच सेंटर बाहेरचे रोजंदारीवरचे गाइड बोलावतात. त्यात वाईट काही नाही, चांगले गाइडही रोजंदारीवर काम करतात. पण मग रोज नवा माणूस, आणि वहिनीची भीती रोज पहिल्यापासून.

क टुलांबेनचंच, छोटं. उत्तर यायला दीड दिवस लागला, आणि उत्तरात दर नव्हतेच. उलटे प्रश्न होते. प्रत्येकाची उंची, वजन, पायाचं माप. परतीचं विमान कोणत्या दिवशी, किती वाजता. कार्ड असलेल्यांच्या लॉगबुकच्या, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीच्या, शेवटच्या पानाचा फोटो. आणि शेवटी : तुमच्यापैकी पाण्याला कोण घाबरतं? हा प्रश्न आणखी कुणीही विचारला नव्हता. ऑक्सिजनचा संच प्रत्येक डाइव्हला किनाऱ्यावर आणतो, डायव्हरच्या रक्तात बुडबुडे झाले तर उपचार करायची दाबाची खोली, हायपरबॅरिक चेंबर, देनपासारच्या सरकारी रुग्णालयात आहे, जुनं नाव सांगलाह, गाडीने अडीच ते तीन तास लागतात, गाडी आमच्या दारात उभी असते, असं साधं सरळ उत्तर. दर अ च्या जवळपास दीडपट.

मग मी क चे अभिप्राय वाचले. चांगले अभिप्राय सगळ्यांचे सारखेच असतात, मी नेहमी दोन आणि तीन ताऱ्यांचे वाचते. एका गृहस्थाची तक्रार होती की त्यांच्या मुलाला सर्दी होती म्हणून या लोकांनी उतरू दिलं नाही, अख्खी सकाळ फुकट गेली. दुसऱ्याची, की लाटा थोड्याच होत्या तरी डाइव्ह रद्द केली. ते वाचून माझा निर्णय झाला. जो माणूस पैसे सोडून गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणतो, त्याच्या हाती मी मूल देऊ शकते. बुकिंग करण्यापूर्वी गाइडचा पॅडी क्रमांक मागितला आणि त्यांच्या संकेतस्थळावर तपासला. परवाना चालू होता.

फॉर्म

डाइव्हपूर्वीच्या वैद्यकीय फॉर्मवर पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. काही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं की मागच्या पानावर अधिक खोलात विचारतात, आणि तिथेही ‘हो’ आलं की डॉक्टरची सही लागते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि रक्तदाब असलेल्या माणसाला सही लागते. गेल्या बारा महिन्यांत दम्याने खेळण्याधावण्यावर मर्यादा आली असेल तरी लागते. क ने सांगितलं, सह्या पुण्याहूनच घेऊन या, इथे येऊन रडारड नको.

नवऱ्याचं सोपं गेलं. ईसीजी, ट्रेडमिल, आणि त्याच्या डॉक्टरांनी गोळीचा प्रकार पाहून सही केली.

भाच्याचा दमा सगळ्यांच्या मते ‘लहानपणी होता’. पण जानेवारीत फुटबॉल खेळताना त्याने दोनदा इनहेलर घेतला होता, हे वहिनीला आठवलं. फॉर्म समोर नसता तर आठवलंही नसतं. पुण्यातल्या लहान मुलांच्या फुप्फुसतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी फुंकर चाचणी केली, ती ठीक आली. मग त्याला पळवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. आकडे घसरले.

त्यांनी आम्हाला कागदावर काढून दाखवलं. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथे घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. मोकळी श्वासनलिका असली की ती बाहेर पडते. आकुंचन पावलेल्या नळीमागे हवा अडकली तर फुप्फुस फाटू शकतं आणि बुडबुडे थेट रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोचू शकतात. शिवाय सिलिंडरमधली हवा कोरडी असते, तीच नळी आकसायला कारण होते. “या वर्षी नको,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी परत बघू. पाण्यावर तरंगून बघायला माझी हरकत नाही, इनहेलर किनाऱ्यावर हवा.”

दवाखान्याच्या जिन्यात भाचा रडला. आवाज न करता, भिंतीकडे तोंड करून. रात्री दादाचा फोन आला. “तू तो फॉर्म मुळात वाचलासच कशाला?” मी काही बोलले नाही. त्याने दोन दिवसांनी पुन्हा फोन केला, या वेळी फक्त विमानाच्या वेळा विचारायला, आणि मला कळलं की त्याला पटलंय.

क ला कागद पाठवला. त्यांचं उत्तर : कळवल्याबद्दल आभार, मुलासाठी स्नॉर्केलिंगची वेगळी गाइड ठेवतो, तो एकटा तरंगत राहणार नाही.

विम्याचंही इथेच सांगते. आमच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले होते, अगदी बारीक अक्षरात. म्हणून डायव्हिंगचा वेगळा विमा काढला, ज्यात चेंबरचा खर्च आणि रुग्णालयात हलवण्याचा खर्च येतो.

पाण्यात

गाइड टुलांबेनचाच, चाळिशीचा. बालीत थोरल्या भावाला ‘ब्ली’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. पोचल्या दिवशी मी ऑक्सिजनची पेटी उघडून बघायला मागितली. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्याने स्वतःच झाकण उघडलं, गेजवरचा काटा दाखवला, मोठा आणि लहान असे दोन्ही मास्क दाखवले. सिलिंडरची हवा आम्ही हुंगून पाहिली. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती हवा घ्यायची नाही, कारण सिलिंडर भरणाऱ्या कंप्रेसरने कधी कधी स्वतःच्याच इंजिनाचा धूर ओढलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो, म्हणून कंप्रेसर कुठे बसवलाय तेही बघितलं. हवा घेणारी नळी इंजिनापासून लांब, छपरावर नेलेली होती.

पहिली सकाळ पोहण्याच्या तलावात. आणि तिथे सगळ्यात जास्त चुकला तो दादा. पोहणारा, निर्धास्त, पण तोंडातलं, श्वासाची हवा देणारं रेग्युलेटर काढून परत घालताना त्याने श्वास रोखला आणि जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण दाबलं. दोन मीटर पाण्यात तो बुचासारखा वर आला. मालवणला ते बटण कधी त्याच्या हातात आलंच नव्हतं. ब्लीने त्याला काठावर बसवून त्याच्या छातीवर स्वतःचा तळहात ठेवला आणि दहा मिनिटं फक्त श्वास मोजायला लावले. मला त्या वेळी अ चा तो २५ मीटरचा शब्द आठवला आणि पोटात गोळा आला.

वहिनीला मास्कमध्ये पाणी घेणं जमेना. तीनदा वर आली. ब्ली म्हणाला, आज समुद्र नाही, संध्याकाळी परत तलाव. दुसऱ्या दिवशी ती कोरल गार्डन नावाच्या प्रवाळांच्या जागी पाच मीटरपर्यंत गेली, तिच्यासोबत ब्ली एकटाच. बावीस मिनिटं. बाहेर आल्यावर ती गोट्यांवर बसून राहिली आणि कुणाशी बोलली नाही, नुसती हसत होती.

त्या किनाऱ्यावर गावातल्या बायका सिलिंडर डोक्यावर घेऊन गोट्यांवरून चालत येतात. आम्हाला नुसतं चालता येत नव्हतं तिथे. वहिनी रोज त्यांच्याकडे बघत बसायची.

तिसऱ्या दिवशी पहाटे लाटा किनाऱ्यावर आपटत होत्या. गोट्यांवर उभं राहायचं, पाठीवर पंधरा-वीस किलो, आणि लाट पाय ओढते. ब्लीने पाच मिनिटं पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली. शेजारचे दोन गट उतरले, त्यातला एक माणूस गुडघा फोडून घेऊन परत आला. आमचे त्या दिवसाचे पैसे परत मिळाले. मुलगी पहिल्यांदाच म्हणाली, “आई, पेनिदाला असंच असतं का?” याहून वाईट असतं, आणि तिथे परत यायला किनाराही नसतो, असं मी तिला सांगितलं.

माझी आणखी एक चूक ब्लीने पकडली. शेवटच्या डाइव्हनंतर त्याच दुपारी किंतामणीमार्गे उबुदला जायचं मी ठरवलं होतं, बातूरचं तळं बघायला. विमानाचा नियम मला पाठ होता : एका डाइव्हनंतर निदान १२ तास, सलग काही दिवस अनेक डाइव्ह झाल्या तर १८. विमान दुसऱ्या रात्रीचं, म्हणून निश्चिंत होते. ब्लीने विचारलं, रस्ता कुठला? किंतामणी दीड हजार मीटरच्या आसपास आहे. विमानातल्या केबिनइतका नसला, तरी तिथेही हवेचा दाब बराच कमी असतो. डाइव्हनंतर रक्तात उरलेल्या नायट्रोजनचे कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात, आणि तो नायट्रोजन गाडी आणि विमान असा भेद करत नाही. आम्ही आमलापुरामार्गे त्यामानाने सखल रस्त्याने गेलो. बातूर राहिलं.

लिबर्टी

चौथ्या दिवशी समुद्र तलावासारखा शांत होता. सव्वासहाला आम्ही पाण्यात, कारण नऊनंतर दक्षिणेकडच्या गाड्या येऊ लागतात आणि जहाजावर माणसांची रांग लागते. खाली ब्ली, मी, नवरा आणि मुलगी. चौदा वर्षांच्या ज्युनियरला १८ मीटरची मर्यादा आहे, ब्लीने १४ ठरवली आणि १४ लाच थांबला. तारकर्लीच्या गढूळ पाण्यात शिकलेल्या मुलीला इथे तळ हाताशी आल्यासारखा दिसतो आणि ती नकळत खाली जाते, हे त्याने दुसऱ्याच दिवशी हेरलं होतं. तो सतत तिच्या किंचित खाली राहिला.

पहाटे जहाजावर मोठ्या डोक्याचे पोपटमासे कळपाने असतात, एकेक मीटरभर लांब. प्रवाळ फोडून खातात, पाण्यात त्यांचा कुरकुर आवाज ऐकू येतो. आम्ही नऊ मोजले. मान वर केली तेव्हा उजेडात दोन आकृत्या दिसल्या, एक मोठी, एक छोटी. आमचे बुडबुडे सरळ छोट्या आकृतीच्या पोटाखाली जाऊन फुटत होते आणि ती हात पसरून त्यांच्यावर तरंगत होती.

बाहेर आल्यावर भाच्याने सांगितलं की पोपटमासे सतरा होते. वरून सगळं जहाज एका नजरेत दिसतं, आम्हाला खालून निम्मेच दिसले. त्याच्या गाइडने, विशीतली मुलगी होती ती, मान डोलावली. ब्लीने स्वतःच्या वहीतून एक कोरं पान काढलं, त्यावर जहाजाचं नाव, तारीख लिहिली, खोलीच्या रकान्यात शून्य, वेळेच्या रकान्यात ४८ मिनिटं, ‘काय दिसलं’च्या रकान्यात १७, आणि इतरांच्या पानांवर मारला तोच सेंटरचा शिक्का मारला. भाच्याने ते पान विमानात दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं.